उचलीवर उडालेलं विमान : लातूरच्या एका सहल व्यावसायिकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातुरातल्या एका सहल व्यावसायिकाचं आहे. त्यांना इथे नाना म्हणू. मी त्यांचा करसल्लागार. त्यांच्या वह्या दरवर्षी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे यातलं बरंचसं मी जवळून पाहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, साल आणि काही रकमा बदलल्या आहेत. विमान कंपनीचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

नानांनी सुरुवात केली ती काशी-रामेश्वर यात्रांपासून. रेल्वेचं सामूहिक आरक्षण, सोबत दोन आचारी, पिठाची पोती, आणि सगळ्यांत पुढे शिट्टी घेऊन स्वतः नाना. प्रवासी म्हणजे निवृत्त गुरुजी, गंजगोलाईतले दुकानदार, तूर-सोयाबीनचे पैसे हातात आलेले शेतकरी आणि एकाच भिशीतल्या पाच-सहा बायका. पावती मिळो न मिळो, लोक पैसे देत, कारण नाना पैसे बुडवणार नाहीत ही खात्री होती. सगळा धंदा त्या खात्रीवर उभा होता. पुढचं प्रकरण समजून घ्यायला हे ध्यानात ठेवावं लागेल.

मग हैदराबादहून स्वस्त विमानं सुरू झाली. लातूरहून रात्री बसने निघालं की उमरगा-जहीराबादमार्गे पहाटे शमशाबादच्या विमानतळावर. नानांनी पहिला गट गोव्याला नेला, दुसरा जयपूरला, आणि तिसऱ्या वर्षी अंदमानला. अंदमानने त्यांचं नाव झालं. आपल्याकडच्या माणसाला सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी आयुष्यात एकदा पाहायची असते, आणि चेन्नईहून बोटीने जायचं तर तीनेक दिवस समुद्रात काढावे लागतात. विमानाने ते काही तासांवर आलं. पहिल्या गटातल्या एका मावशींनी परत आल्यावर बोर्डिंग पास देवघरातल्या पोथीत ठेवला होता. मी तो पाहिला आहे, हळदीचा डाग पडलेला.

विमान कंपनी कशी वाढली

नानांची गाठ ज्या कंपनीशी होती, ती सहलीच्या प्रवाशांवरच वाढलेली. गोवा, श्रीनगर, अंदमान, बागडोगरा असे तिचे मार्ग. नमुना ठरलेला : एकाच जातीची विमानं, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग एकाच प्रकारचे, एकच वर्ग, १८० खुर्च्या, खाणं-पिणं विकत, आणि विमान जमिनीवर अर्ध्या तासाच्या वर थांबू द्यायचं नाही. विमानं स्वतःच्या मालकीची नाहीत, भाड्याची. भाडं डॉलरमध्ये.

या धंद्याची मेख भारताबाहेर फार आधी दिसली होती. फ्रेडी लेकर यांनी १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली, एकमार्गी ५९ पौंडांत. लोकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. फेब्रुवारी १९८२ मध्ये ती कंपनी बुडाली. प्रवाशांचे पैसे पौंडांत यायचे आणि विमानांचं कर्ज डॉलरमध्ये फेडायचं. पौंड घसरला तसं ते ओझं वाढत गेलं. आपल्या रुपयाचं गणित वेगळं नाही. त्यात आपल्याकडे खर्चाच्या ४० टक्क्यांच्या आसपास इंधनच खातं, आणि ते जीएसटीच्या बाहेर राहिल्याने राज्यागणिक व्हॅट वेगळा.

सहलीच्या विमान कंपनीला आणखी एक दुखणं असतं, आणि माझ्या मते मूळ रोग तोच. कामासाठी फिरणारा माणूस उद्याचं तिकीट आज काढतो, महाग काढतो आणि बाराही महिने काढतो. सहलीचा माणूस तीन-चार महिने आधी काढतो, स्वस्त बघून काढतो आणि मे, दिवाळी, डिसेंबर सोडला तर घरी बसतो. म्हणजे कंपनीच्या हातात पैसा आधी येतो, विमान उडवण्याचा खर्च नंतर येतो. जून ते सप्टेंबर विमानं अर्धी रिकामी उडतात, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. ते कुठून द्यायचं? दिवाळीच्या प्रवाशांनी आधी भरलेल्या पैशातून.

आपल्या भागात याला सरळ शब्द आहे : उचल. ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे तोडणी मजुरांची जोडी, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो. पावसाळ्यात घरी खातो, दसरा-दिवाळीनंतर फडात जाऊन ती फेडतो. मुकादमाच्या वहीत ती रक्कम कोयत्याचं देणं म्हणूनच चढते. तिला कमाई कोणी म्हणत नाही. विमान कंपनीच्या ताळेबंदातही न उडालेल्या तिकिटाचे पैसे देणी म्हणूनच दाखवावे लागतात. फरक एवढाच की कोयत्याला आपण उचलीवर जगतोय हे रोज ठाऊक असतं. बँकेत रोकड दिसली की कंपनीला ते विसरायला होतं. कंपनी वाढत असते तोवर निभतं, कारण या वर्षीची उचल मागच्या वर्षीपेक्षा मोठी असते. वाढ थांबली की महिन्या-दोन महिन्यांत उघडं पडतं.

अडचण

त्या वर्षी नानांनी दिवाळीच्या सुट्टीतली अंदमान सहल ४४ जणांची ठरवली. माणशी ४६,००० रुपये. आषाढापर्यंत प्रत्येकाकडून २५,००० आगाऊ घेतले, म्हणजे ११ लाख जमले.

जुलैअखेर हैदराबादच्या घाऊक एजंटाचा फोन आला. येण्याजाण्याचं तिकीट १४,५०० ला. बाजारात तेव्हा १८,००० च्या खाली काही नव्हतं. अट एकच : पूर्ण रक्कम आत्ता. एरवी गट-आरक्षणाला दर खुर्चीमागे थोडी अनामत भरून नावं आणि बाकी पैसे महिनाभर आधी दिले तरी चालायचं. नानांनी दोन दिवस विचार केला आणि ६ लाख ३८ हजार एनईएफटीने पाठवले. हॉटेलच्या अनामतीला दीड लाख गेले. उरलेल्या ३ लाख १२ हजारांपैकी २ लाख ७२ हजार आदल्या रामेश्वर यात्रेची थकलेली देणी भागवण्यात गेले. त्या यात्रेत बस बंद पडून खर्च वाढला होता. खात्यात राहिले ४० हजार.

पितृपक्षात, नवं आरक्षण कोणी करत नाही अशा दिवसांत, एका सकाळी कंपनीने ‘तीन दिवसांसाठी’ सगळी उड्डाणं थांबवल्याचा संदेश आला. तीन दिवसांचे सात झाले, मग कंपनीने दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला. अर्ज दाखल करून घेतला की वसुलीला स्थगिती लागते : कोणी दावा ठोकून आपले पैसे आधी काढून घेऊ शकत नाही, सगळे एका रांगेत. त्या रांगेत विनातारण दावेदार, म्हणजे आपण, बरेच मागे. आणि ही रांग किती लांबते याचं उदाहरण समोर आहे. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली; ती कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला.

नाना त्या दुपारी माझ्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत. लाल कापडाच्या बांधणीची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सर, लोकाला काय सांगू?”

मी वही उघडली. ४४ नावं, नावापुढे २५,००० आणि जमा तारीख. काही नावांपुढे पेन्सिलीत ‘गुडघे दुखतात, खालची खोली’, ‘साखर आहे’, ‘पहिल्यांदाच विमान’. एका नावापुढे ‘मुलाने पैसे दिले, सांगू नका’.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नानांच्या ओळखीच्या तिघांनी सुचवला : लोकांना सांगायचं, विमान कंपनीने बुडवलं, तिने दिले की तुम्हाला देतो. यात खोटं काही नव्हतं. पण प्रवाशांनी पैसे नानांना दिले होते, पावती नानांच्या नावाची होती, सेवा नानांनी देऊ केली होती. ग्राहक आयोगात गेलं तर हे टिकलं नसतं. आणि आयोगात कोणी गेलं नसतं तरी वीस वर्षांची खात्री एका दिवाळीत गेली असती.

दुसरा, दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढून सहल ठरल्या तारखेला नेणं. एक कंपनी बंद पडली की त्या मार्गावरच्या खुर्च्या कमी होतात आणि बाकीच्यांचे दर चढतात. चौकशी केली तेव्हा दिवाळीचा दर माणशी २४,००० निघाला. ४४ जणांचे १० लाख ५६ हजार. मूळ हिशोबात नानांना माणशी साडेसात हजार, म्हणजे एकूण ३ लाख ३० हजार सुटणार होते. हा पर्याय त्यांना ७ लाखांच्या खड्ड्यात घालणारा होता. वाढीव रक्कम प्रवाशांकडून मागायची तर शिक्षक-शेतकऱ्यांना आयत्या वेळी ते झेपलं नसतं.

तिसरा, सहल फेब्रुवारीत ढकलणं. तेव्हा दर उतरतात, समुद्रही शांत असतो. पण नोकरीतल्या शिक्षकांना परीक्षांच्या तोंडावर रजा कुठली?

चौथा, दिवाळीतच बसने दुसरीकडे नेणं : हंपी, बदामी, गोकर्ण. पाचवा, सगळ्यांचे पैसे परत करून मोकळं होणं. त्याला ११ लाख लागत होते आणि खात्यात ४० हजार होते.

बोटीचाही विचार झाला. तो पाच मिनिटांत सोडून दिला.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय पैशाचा नव्हता, बोलण्याचा होता. नानांचं मन दोन-चार दिवस थांबून काही मार्ग काढावा आणि मग सांगावं असं होतं. मी आग्रह धरला की आजच सांगा. बातमी टीव्हीवर आली होती, लोक फोन करत होते, आणि फोन न उचलणारा माणूस दोन दिवसांत फरार समजला जातो. त्याच संध्याकाळी प्रत्येकाला फोन गेला आणि रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं.

गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. ३० कुटुंबांपैकी २६ कुटुंबं आली. नानांनी वही उघडून मोठ्याने वाचली : इतके विमानाला, इतके हॉटेलला, इतके मागच्या यात्रेच्या देण्याला. तिसरा आकडा वाचू नका असं त्यांच्या मुलाने सांगितलं होतं. नानांनी तो वाचला. एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या पैशात दुसऱ्यांची यात्रा झाली.” नाना म्हणाले, “हो. ते माझं चुकलं.” गच्चीवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, “पुढं काय करायचं ते सांगा.”

मला वाटतं प्रकरण तिथे वळलं. तो आकडा झाकला असता तर हिशोब जुळला नसता आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

तीन पर्याय लोकांपुढे ठेवले. १९ जणांनी पैसे परत मागितले, तीन हप्त्यांत. १७ जणांनी फेब्रुवारी निवडला. बहुतेक निवृत्त आणि दुकानदार. नव्या तिकिटाचा अर्धा भार त्यांनी उचलायचा, अर्धा नानांनी. ८ जण दिवाळीत हंपीला जायला तयार झाले, फरकाचे माणशी ११,००० परत घेऊन.

परताव्याचे ४ लाख ७५ हजार आणि हंपीच्या फरकाचे ८८ हजार, म्हणजे ५ लाख ६३ हजार उभे करायचे होते. खाजगी सावकार महिन्याला तीन टक्क्यांनी द्यायला तयार होता. मी नको म्हणालो. वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, पाटल्या, गोठ आणि मोहनमाळ बँकेत सोनेतारण ठेवली आणि ६ लाख उचलले. बँकेतल्या माणसाने दागिने वजनकाट्यावर ठेवले, तेव्हा मोहनमाळेचे मणी पुन्हा एकदा मोजून घ्या एवढंच त्या म्हणाल्या.

हॉटेलवाल्याने दीड लाखाची अनामत फेब्रुवारीच्या तारखांना वळती करून दिली. ही मोठीच मदत झाली, आणि ती करायला तो कायद्याने बांधलेला नव्हता.

तिकिटांचे पैसे वसूल करायचे दोन प्रयत्न झाले. गटातल्या एका कुटुंबाने जयपूरला जाण्यासाठी त्याच कंपनीची चार तिकिटं वेगळी, मुलाच्या क्रेडिट कार्डावर काढली होती. त्यांनी कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार नोंदवली आणि काही आठवड्यांत त्यांचे पैसे परत आले. नानांचे ६ लाख ३८ हजार एनईएफटीने गेलेले. तिथे अशी सोय नाही. मग दिवाळखोरी प्रक्रियेत दावा दाखल केला. घाऊक एजंटाची पावती, बँकेचा उतारा, प्रवाशांची यादी, सगळं जोडलं. एजंट म्हणाला, मी तर फक्त मधला. त्याच्याकडून पावतीवर शिक्का मिळवायलाच आठ दिवस गेले.

निष्पत्ती

परताव्याचे तिन्ही हप्ते वेळेवर गेले. शेवटचा संक्रांतीच्या आदल्या दिवशी. फेब्रुवारीची सहल १७ जणांची झाली. हंपीच्या बसमध्ये आठांना आणखी २१ मिळाले, कारण गच्चीवरची गोष्ट शहरात पसरली होती. सोनं सोडवायला सव्वादोन वर्षं लागली.

विमान कंपनीकडून आजतागायत एक रुपया आलेला नाही. दावा ‘मान्य’ आहे असं पत्र मात्र आहे. ते त्या लाल वहीत ठेवलेलं आहे.

गच्चीवर उठून बोललेले मुख्याध्यापक पुन्हा कधी नानांबरोबर आले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैचा तो फोन हा पहिला निर्णयबिंदू. दर बाजारापेक्षा साडेतीन हजारांनी कमी आणि पूर्ण रक्कम आत्ता, या दोन गोष्टी एकत्र आल्या की विकणाऱ्याला रोकडीची तहान लागली आहे असं समजावं. त्याच सुमारास विमान कंपनीच्या वेळापत्रकात तीनदा बदल झाले होते. नानांच्याच एका प्रवाशाला रद्द तिकिटाचा परतावा दोन महिने मिळाला नव्हता. खुणा होत्या, पण त्या तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दिवशी दिसल्या. कोणी त्या एका ओळीत मांडल्या नाहीत. १८,००० च्या दराने, अनामत भरून, दोन कंपन्यांत निम्मी-निम्मी तिकिटं काढली असती तर नफा दीड लाखाने कमी झाला असता आणि घरातलं सोनं घरात राहिलं असतं.

दुसरा बिंदू माझा आहे. जूनमध्ये विवरणपत्रासाठी वह्या तपासताना आगाऊ रकमा ‘विक्री’त धरलेल्या मला दिसल्या. मी त्या देण्यांच्या बाजूला नेल्या, कागद सरळ केला, आणि पुढे गेलो. नानांना समोर बसवून सांगायला हवं होतं की ही उचल आहे, ही या सहलीसाठीच वापरा, वेगळं खातं उघडा. त्यांचे वडील उसाच्या फडावर जायचे. त्यांना तो शब्द एका वाक्यात कळला असता. विमान कंपनी पावसाळ्यात दिवाळीचे पैसे खात होती आणि नाना रामेश्वरच्या तुटीला अंदमानचे पैसे लावत होते. आकार लहान-मोठा, रीत एकच. कंपनी बुडाली नसती तर नानांची रीत आणखी दोन-तीन वर्षं चालली असती, आणि मग एखाद्या साध्या बस-बिघाडानेही तीच वेळ आली असती.

आता प्रत्येक सहलीचं वेगळं खातं आहे. त्यातून काढायला नाना आणि वहिनी दोघांची सही लागते. तिकिटं जमेल तितकी कार्डावर. पावतीमागे विमान रद्द झालं तर काय होईल हे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलं आहे. आगाऊ रक्कम २५,००० वरून १५,००० वर आणली आहे, त्यामुळे नानांना हॉटेलांशी जास्त घासाघीस करावी लागते.

तिसरी गोष्ट एकट्या नानांच्या हातातली नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ऑगस्टमध्ये ‘कोर्ट लाइन’ ही सहलींची विमानं चालवणारी कंपनी भर सुट्टीत बुडाली, हजारो लोक परदेशात अडकले. त्यानंतर तिथे सहलींच्या पैशांसाठी राखीव निधी उभा राहिला. २०१७ मध्ये ‘मोनार्क’ ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा परदेशात असलेल्या तिच्या हजारो प्रवाशांना तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने परत आणलं. आपल्याकडे किंगफिशर, जेट अशा मोठ्या कंपन्या जमिनीवर आल्या, तरी प्रवाशाच्या आगाऊ पैशाला तशी भिंत नाही. ती हवी, असं मला मनापासून वाटतं. तिकिटामागे काही रुपये जास्त पडले तरी हवी.

तोवर जिल्ह्यातल्या नऊ सहल व्यावसायिकांनी माणशी शंभर रुपये बाजूला टाकून सामाईक निधी करावा असा प्रस्ताव नानांनी मांडला आहे. दोन बैठका झाल्या. पैसे कोणाच्या खात्यात ठेवायचे यावर दोन्ही वेळा अडलं. पुढची बैठक तूर बाजारात येऊन गेल्यावर, नानांच्याच गच्चीवर आहे.